नेवाकाठचे दोन दिवस

बाल्टिक समुद्रात उन्हाळी फेऱ्या करणाऱ्या पाश्चात्त्य प्रवासी जहाजांनी २०२२ पासून सेंट पीटर्सबर्ग हे बंदर आपल्या मार्गातून वगळले आहे. पूर्वी कोपनहेगन वा स्टॉकहोमहून निघालेल्या जहाजाचा सारा डौल या एका मुक्कामासाठी असे. माहितीपुस्तिकेत इतर बंदरांना चार ओळी मिळत, याला अख्खे पान. आता हेलसिंकी, टालिन करून जहाजे माघारी वळतात. फिनलंडच्या आखाताच्या टोकाशी ते शहर आहे तेथेच आहे. तेथे जाण्याची ही सोपी वाट तेवढी बुजली आहे. आम्ही २०१६ च्या जून महिन्यात त्या वाटेने गेलो होतो. मुक्काम अवघा दोन दिवसांचा. इतक्या अल्प ओळखीवर एखाद्या शहराविषयी लिहिणे धाडसाचे आहे हे खरे. तथापि ते दोन दिवस गेल्या काही वर्षांत आमच्या प्रार्थनेत वारंवार डोकावू लागले आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

एका धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूला असल्या ऐषारामी जहाजावर काय काम, अशी शंका वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. आमचा भाचा त्या जहाजाच्या लॉन्ड्रीत नोकरीस होता. वसईतील आणि गोव्यातील कितीतरी कॅथलिक घरांची चूल अशा जहाजांवरील पगारावर पेटते, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. कर्मचाऱ्यांच्या आप्तांना रिकाम्या राहिलेल्या खोल्या सवलतीत मिळत. भाच्याने आईसाठी, म्हणजे आमच्या थोरल्या बहिणीसाठी, अशी एक खोली मागून घेतली, आणि बहिणीने सोबतीला आम्हांस मागून घेतले. ती वैधव्यानंतर प्रथमच घराबाहेर पडत होती. आम्हांला रीतसर रजा मिळाली. खोलीला खिडकी नव्हती; पण समुद्र पाहायला वरचे मजले होतेच.

रशिया हा शब्द आमच्या कानांवर भूगोलाच्या पुस्तकाआधी पडला होता. संध्याकाळी घरच्या वेदीपुढे जपमाळ झाली की आई शेवटी ठरावीक हेतू सांगे: शुद्धिस्थानातील आत्मे, गावातील आजारी माणसे, वेळेवर पाऊस आणि रशियाचे परिवर्तन. फातिमा येथे १९१७ साली पवित्र मातेने मुलांना दिलेल्या संदेशात रशियाचे नाव होते, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तेथे बोल्शेविक क्रांती झाली. त्यानंतर कित्येक दशके जगभरच्या कॅथलिक घरांतून ही प्रार्थना चालू राहिली. आमच्या बालमनाला रशिया म्हणजे कोणीतरी दूरचा, वाया गेलेला नातेवाईक वाटे. मौज अशी, की त्याच वेदीखालच्या फळीवर मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तके असत. गुळगुळीत कागद, देखणी चित्रे, आणि किंमत इतकी कमी की शाळामास्तर असलेल्या वडिलांना ती टाळवत नसत. 'ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांच्या गोष्टी वाचू नयेत असे थोडेच आहे?' असे ते आईला म्हणत. आई त्यावर काही बोलत नसे. मात्र पुस्तकांवर धूळही बसू देत नसे.

जहाज पहाटे क्रोनश्टाटच्या बेटावरून पुढे सरकले तेव्हा बहीण आमच्या आधीच कठड्याशी उभी होती. पहाट म्हणायचे ते केवळ घड्याळावरून, कारण त्या अक्षांशावर जूनमध्ये रात्र काळी होतच नाही. आकाशाला दुधात पाणी घातल्यासारखा एक फिका उजेड असतो. धक्का वासिल्येव्स्की बेटाच्या पश्चिम टोकाला, समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर आहे. तेथे २००८ साली प्रवासी जहाजांसाठी नवे बंदर सुरू झाले. जहाजाने येणाऱ्या प्रवाशाला अधिकृत सहलीच्या तिकिटावर ७२ तासांपर्यंत व्हिसावाचून शहरात फिरता येई. अट एकच, गट सोडायचा नाही. भाचा आम्हांला जिन्यापर्यंत पोहोचवायला आला. "फादरमामा, मी ह्या धक्क्याला एकोणीस वेळा लागलोय," तो म्हणाला, "टर्मिनलपर्यंत जातो, घरी फोन करतो, परत येतो. शहर कसं आहे ते तुम्हीच मला सांगा." दोन हजारांहून अधिक प्रवाशांच्या चादरी आणि टॉवेल मुक्कामाच्या दिवशीच बदलायचे असतात, त्यामुळे बंदर आले की लॉन्ड्रीला उसंत नसे. जहाजावरून त्याला दिसलेले सेंट पीटर्सबर्ग म्हणजे एक अर्धवट बांधलेले क्रीडांगण आणि त्यावरच्या क्रेन.

आमच्या गटाची मार्गदर्शक चाळिशी ओलांडलेली, बारीक अंगाची, शुद्ध इंग्रजी बोलणारी बाई होती. तिचे नाव आम्हांला ठाऊक आहे. सध्याचे दिवस पाहता ते येथे न देणे बरे. पीटर द ग्रेटने १७०३ साली दलदलीत हे शहर वसविले, भराव घालताना हजारो मजूर मेले, दोन शतके ही राजधानी होती, हे सर्व तिने बस सुरू होताच दहा मिनिटांत उरकले. मग म्हणाली, "माझी आजी पेट्रोग्राडमध्ये जन्मली, आई लेनिनग्राडमध्ये, मीही लेनिनग्राडमध्ये, आणि माझा मुलगा सेंट पीटर्सबर्गमध्ये. चौघे एकाच रस्त्यावर." १९१४ साली जर्मनीशी युद्ध सुरू झाले म्हणून जर्मन वळणाचे नाव बदलले, १९२४ मध्ये लेनिनच्या निधनानंतर पुन्हा बदलले, १९९१ मध्ये नागरिकांनी मत देऊन जुने नाव परत आणले. नावांच्या वादाचे आपल्याला काय अप्रूप! पण त्या एका वाक्यात तिने शतक सांगितले.

नेव्हस्की या मुख्य रस्त्यावर चौदा क्रमांकाच्या इमारतीवर निळ्या रंगाची एक पाटी जपून ठेवली आहे. तोफांचा मारा चालू असताना रस्त्याची ही बाजू अधिक धोक्याची आहे, असा नागरिकांना इशारा. पाटीखाली ताजी फुले होती. जर्मन सैन्याने ८ सप्टेंबर १९४१ रोजी शहराची जमिनीवरची अखेरची वाट तोडली. वेढा पूर्णपणे उठला तो २७ जानेवारी १९४४ रोजी. ८७२ दिवस. पहिल्या हिवाळ्यात, २० नोव्हेंबरपासून ख्रिस्तजयंतीपर्यंत, कामगार नसलेल्या प्रत्येक माणसाला आणि मुलाला दिवसाकाठी १२५ ग्रॅम पाव मिळे, आणि तोही निव्वळ धान्याचा नव्हे. त्यात पेंड आणि लाकडापासून काढलेला लगदा मिसळलेला असे. गोठलेल्या लादोगा सरोवरावरून मालमोटारी थोडे धान्य आणीत. अदमासे आठ ते दहा लाख नागरिक मेले, बहुतेक उपासमारीने. पिस्कार्योव्स्कोये येथील दफनभूमीत जवळजवळ पाच लाख माणसे सामुदायिक कबरींत आहेत. आमच्या सहलीत ती दफनभूमी नव्हती. प्रवाशांना राजवाडे आवडतात.

बाईने आपला तळहात पुढे केला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर एक चौकोन काढला. एवढा पाव. तिची आजी त्याचे तीन भाग करी आणि तिसरा भाग रात्री झोप येण्यासाठी ठेवी. पुढे सुबत्ता आल्यावरही ती जेवून झाले की टेबलावरचे कण बोटाला चिकटवून तोंडात टाकी. हे सांगताना बाईचा आवाज कापला वगैरे नाही. दर आठवड्याला सांगावे लागणारी गोष्ट जशी सांगतात तशी तिने सांगितली, आणि म्हणूनच ती आम्हांला अधिक लागली.

हर्मिताज संग्रहालयाविषयी लिहायचे तर एक अंक पुरणार नाही. आम्ही तेथे अडीच तास होतो. त्यांतले दोन तास सोनेरी खांब, मोराचे घड्याळ आणि माणसांच्या पाठी पाहण्यात गेले. सेमिनरीच्या दिवसांपासून एका चित्राची ओढ होती. रेम्ब्रांटने आयुष्याच्या अखेरीस काढलेले, उधळ्या पुत्राच्या परतण्याचे ते चित्र साम्राज्ञी कॅथरीनने १७६६ साली मिळविले. हेन्री नॉवेन या धर्मगुरूने १९८६ मध्ये या चित्रासमोर तासन् तास बसून पुढे त्यावर एक पुस्तक लिहिले, ते आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. आम्हांला मिळाली सुमारे चार मिनिटे. चित्र माणसाहून उंच आहे. पित्याचे दोन हात मुलाच्या पाठीवर आहेत, आणि मुलाचा डावा पाय जोड्यातून निसटून उघडा पडला आहे. आम्ही हात पाहत होतो. बहीण तो तळवा पाहत होती. "फादर, हा पोर किती चालला असेल," ती म्हणाली. ज्याचा मुलगा वर्षातले नऊ महिने दूर असतो ते माणूस चित्रात काय पाहील हे प्रवचनाच्या पुस्तकांत सापडत नाही. बाहेर पडताना मार्गदर्शक बाईने आणखी एक गोष्ट सांगितली. युद्ध सुरू होताच संग्रहालयातील चित्रे आगगाडीने उरलपलीकडे हलविण्यात आली, पण रिकाम्या चौकटी भिंतींवर तशाच ठेवल्या. वेढ्यात मदतीला आलेल्या सैनिकांना संग्रहालयाच्या एका जाणकाराने त्या रिकाम्या चौकटींपुढून फिरवून कोठे काय होते ते वर्णन करून सांगितले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गट स्मरणवस्तूंच्या दुकानात गेला. अशा दुकानात पाऊण तास जाणार हे ठरलेलेच असते. नेव्हस्की रस्त्यावर एक कॅथलिक चर्च आहे, तेथे जाता येईल का, असे आम्ही बाईला विचारले. गट सोडायचा नाही, हा नियम. तिने घड्याळ पाहिले, दुकानदाराशी दोन शब्द बोलली आणि स्वतःच आमच्याबरोबर निघाली. वाटेत तिने उजवी-डावीकडची मंदिरे दाखवली. काझान कॅथेड्रल, जेथे १९३२ पासून धर्माच्या आणि नास्तिकतेच्या इतिहासाचे संग्रहालय होते. समोरच्या बाजूचे संत पीटरचे लुथेरन चर्च, जेथे १९६२ साली पोहण्याचा तलाव बांधला. चर्च परत मिळाल्यावरही तो तलाव काढता आला नाही, कारण काढला तर इमारतच धोक्यात आली असती. त्यावर नवी फरशी घालून उपासना चालते. हे ऐकून आम्हांला हसावे की रडावे कळेना.

संत कॅथरिनचे चर्च दोन इमारतींच्या मधे थोडे आत सरकून उभे आहे. पुढच्या मोकळ्या जागेत चित्रकार आपली चित्रे मांडून बसतात. १७८३ साली या मंदिराचे अभिषेचन झाले. पोलंडचा शेवटचा राजा येथे पुरला होता. या धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू मोन्सिन्योर कोन्स्तान्ती बुडकेविच यांच्यावर १९२३ मध्ये मॉस्कोत खटला चालला. चर्चची मालमत्ता सरकारजमा करण्यास विरोध आणि मुलांना धर्मशिक्षण, हे आरोपांतले मुख्य. त्यांच्या महागुरूंची फाशीची शिक्षा कमी झाली; बुडकेविच यांना ईस्टरच्या आदल्या रात्री गोळी घालण्यात आली. त्यांचे वय ५५ होते. आज आम्ही त्या वयाच्या आसपास आहोत, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गाची हजेरी घेताना हा आकडा कधी कधी आठवतो. १९३८ साली चर्च बंद झाले, गोदाम झाले, १९८४ च्या आगीत आतून जळाले, १९९२ मध्ये भाविकांना परत मिळाले. आम्ही गेलो तेव्हाही दुरुस्तीची कामे चालू होती. मधली चोपन्न वर्षे कॅथलिकांना एक लहानसे चर्च उरले होते, कोवेन्स्की गल्लीतले लुर्दमातेचे.

आत मोजकी माणसे होती. बाकावर जपमाळ धरून एक वृद्धा बसली होती. बहीण तिच्याशेजारी बसली आणि आपली जपमाळ काढली. भाषा कोणालाच कोणाची येत नव्हती. मणी सारखेच होते. जप संपल्यावर वृद्धेने काही विचारले. मार्गदर्शक बाईने भाषांतर केले: कोठून आलात? मग बहिणीने सांगितले, की आमची आई रोज संध्याकाळी तुमच्यासाठी जप करीत असे, रशियाच्या परिवर्तनासाठी. आम्ही ते इंग्रजीत मांडले. बाई भाषांतर करता करता थांबली. त्या एका शब्दावर ती अडली होती. "परिवर्तन?" तिने आम्हांलाच विचारले, "आम्ही कशात बदलावे अशी तुमच्या आईची इच्छा होती?" स्वरात राग नव्हता. ती स्वतः ऑर्थोडॉक्स पंथात बाप्तिस्मा घेतलेली, तीही १९९१ नंतर, प्रौढ वयात. तिच्या आजीने घरातली पवित्र प्रतिमा वेढ्यातही विकली नव्हती.

धर्मशास्त्राची चार वर्षे शिकलेल्या माणसाजवळ या प्रश्नाची उत्तरे असतात. एक तर नास्तिकतेकडून श्रद्धेकडे. दुसरे, विखुरलेल्या ख्रिस्तसभेने एक व्हावे. ती दोन्ही आमच्या ओठांशी आली होती. तेवढ्यात बहीण मराठीतच म्हणाली, "सांग तिला, आम्ही लहान होतो. तुमच्या पोरांना कोणी मारू नये आणि तुम्ही कोणाच्या पोरांना मारू नये, एवढंच आईच्या मनात असेल." आईच्या मनात खरोखर एवढेच होते का, ते सांगणे कठीण आहे, पण आम्ही तसेच सांगितले. बाईने रशियनमध्ये किती सांगितले देव जाणे. वृद्धेने बहिणीचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. ती म्हणाली, की तिचा बाप्तिस्मा कोवेन्स्कीच्या चर्चमध्ये झाला, आणि तिची आई दारावर कोण उभे आहे ते पाहून मगच आत शिरत असे. "दूर कोणी आमची नावे घेत होते हे आम्हांला ठाऊक नव्हते," हे तिचे अखेरचे वाक्य.

दुकानाकडे परतताना बाईने सांगितले, की तिच्या मुलाला येत्या आठवड्यात अकरावे वर्ष पूर्ण होईल. बहिणीच्या पिशवीत लोणावळ्याच्या चिक्कीची दोन पाकिटे होती, भाच्यासाठी आणलेल्यांतली उरलेली. ती तिने बाईच्या हाती दिली. बाईने वजन वाचले, १२५ ग्रॅम नव्हते, २०० होते, आणि ती प्रथमच मोकळेपणाने हसली.

त्या रात्री जहाजाने धक्का सोडला. जेवणघरात नेहमीप्रमाणे पावाचे सोळा प्रकार मांडले होते. बहिणीने एक लहान पाव घेतला, तो संपविला आणि ताटातील कण बोटाने टिपले. शेजारच्या टेबलावरच्या कोणाला ते दिसले असेल तर शिष्टाचाराला सोडून वाटले असेल. काम आटोपून भाचा मध्यरात्रीनंतर वर आला तेव्हा आकाश उजळच होते. त्याला सारे हवे होते: रस्ता किती रुंद, नदीवरचे पूल रात्री खरेच उघडतात का, चर्च आपल्या चर्चएवढे आहे का. आम्ही दोघे रिकाम्या चौकटी दाखवीत बसलो.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. भाचा त्या वेळी समुद्रावरच होता. लॉन्ड्रीत इस्त्रीच्या यंत्रावर त्याच्या जोडीला ओडेसाचा एक तरुण होता. तेही बंदरच. तो तरुण पाळी संपली की टर्मिनलकडे धाव घेई, आईला फोन लागतो का पाहायला. पुढे २०२३ च्या जुलैत रशियन क्षेपणास्त्राने ओडेसाच्या रूपांतर कॅथेड्रलचे छत फोडले. हे कॅथेड्रल १९३६ साली सोव्हिएत राजवटीने पाडले होते आणि लोकांनी नव्याने उभारले होते. नेव्हस्की रस्त्यावर जे ऐकले होते ते आम्हांला जुन्या काळाचे वाटले होते.

२५ मार्च २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रशिया आणि युक्रेन यांचे नाव घेऊन मरियेच्या निष्कलंक हृदयास समर्पण केले, आणि जगभरच्या धर्मग्रामांप्रमाणे आम्हीही ती प्रार्थना आमच्या चर्चमध्ये केली. उपासनेनंतर एक तरुण गृहस्थ थोडे रागावूनच आले. "फादर, युक्रेनचं समजलं. मारणाऱ्यासाठी कशाला?" आम्ही त्यांना हल्लेखोर आणि हल्ला सोसणारा यांना एका मापाने मोजायला सांगितले नाही; ते अन्यायाचे होईल. आम्ही त्यांना एवढेच सांगितले, की एका बाईने आम्हांला याहून अवघड प्रश्न विचारलेला आहे, आणि तो तिच्या भाषांतरासाठी अजून आमच्याजवळ पडून आहे.

मार्गदर्शक बाई दरवर्षी जानेवारीच्या सात तारखेला, त्यांच्या पंचांगाप्रमाणे ख्रिस्तजयंतीला, दोन ओळींचा ई-मेल पाठवी. २०२२ च्या जानेवारीतला शेवटचा. जहाजे येईनाशी झाल्यावर तिने पोटापाण्यासाठी काय केले असेल, आम्हांला कळलेले नाही. आमच्याकडून लिहावे असे अनेकदा मनात येते. परदेशातून आलेल्या पत्राने तिला त्रास तर होणार नाही ना, या विचाराने हात आखडतो.

बहिणीच्या जपमाळेत मात्र ओडेसाची आई आणि पीटर्सबर्गची आई एकापाठोपाठ येतात. दोघींच्या मधे ती थांबत नाही. २१ सप्टेंबर २०२२ रोजी रशियात राखीव सैनिकांना बोलावण्याचा हुकूम निघाला तेव्हा तिने बोटांवर हिशेब केला आणि सतरा म्हणून सुटकेचा श्वास टाकला. रशियात सक्तीची लष्करी सेवा अठराव्या वर्षापासून लागू होते. २०२३ च्या जून महिन्यात एका रात्री, नित्याची वेळ नसताना, तिचा दूरध्वनी आला. "फादर, तो पोर ह्या आठवड्यात अठराचा झाला असेल," ती म्हणाली. कोण, हे आम्हांला विचारावे लागले नाही.